बेट, बंधारा आणि उन्नत बस : शियामेनची समुद्रपार ये-जा

चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर, फुजियान प्रांतात जिउलुंग नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी शियामेन हे शहर वसले असून युरोपीय व्यापाऱ्यांच्या जुन्या कागदपत्रांत ते आमॉय या नावाने आढळते. १८४२ च्या नानकिंग तहानंतर परदेशी व्यापाराला खुल्या झालेल्या पाच चिनी बंदरांत त्याचा समावेश होता. चारही बाजूंनी खोल पाणी आणि मोठ्या लाटांपासून आडोसा, अशी जी भूरचना बंदराला उपकारक ठरली तीच पुढे शहराच्या दळणवळणातला सर्वांत मोठा अडसर ठरली, कारण जुनी वस्ती, बाजारपेठ, बँका, विद्यापीठ आणि कचेऱ्या बेटावर होत्या, तर शहर वाढवायला लागणारी मोकळी जमीन खाडीपलीकडे, मुख्य भूमीवर होती. शियामेनच्या सुमारे १,७०० चौरस किलोमीटर क्षेत्रात या बेटाचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी आहे. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५१ लाखांवर गेली होती. त्यांपैकी सुमारे २१ लाख लोक सिमिंग आणि हूली या बेटावरील दोन जिल्ह्यांत, तर उरलेले सुमारे ३० लाख जिमेई, हायत्सांग, तुंगआन आणि शियांगआन या मुख्य भूमीवरील चार जिल्ह्यांत राहत होते. घर स्वस्त मिळते ते पाण्यापलीकडे आणि चांगल्या नोकऱ्या एकवटल्या त्या बेटावर, असा हा पेच असल्यामुळे शियामेनमधील सार्वजनिक वाहतुकीचा इतिहास म्हणजे समुद्राची एक अरुंद पट्टी ओलांडण्याच्या एकामागून एक केलेल्या उपायांचा इतिहास आहे.

या उपायांपैकी पहिला आणि आजही सर्वांत विलक्षण वाटणारा उपाय म्हणजे गाओजी बंधारा. बेटाच्या उत्तर टोकावरील गाओची आणि समोरच्या किनाऱ्यावरील जिमेई यांना जोडणारा सुमारे २.२ किलोमीटर लांबीचा हा भराव १९५३ ते १९५५ या काळात समुद्रात ग्रॅनाइटचे दगड टाकून उभारण्यात आला. जिमेईत जन्मलेले आणि सिंगापूरमध्ये रबराच्या व्यापारात संपत्ती मिळवलेले तान काह की यांनी या बंधाऱ्याचा आणि शियामेनपर्यंत लोहमार्ग आणण्याचा सातत्याने आग्रह धरला होता. आपल्या जन्मगावी शाळांचे एक संपूर्ण संकुल उभारणारे आणि १९२१ मध्ये शियामेन विद्यापीठाची स्थापना करणारे हे गृहस्थ शहराच्या जडणघडणीत कोणत्याही शासकीय अधिकाऱ्याइतकेच महत्त्वाचे मानावे लागतात. या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील पाण्याच्या पातळीचा फरक सरासरी चार मीटरच्या आसपास असतो. अशा ठिकाणी दोन्ही बाजूंनी भराव पुढे सरकत गेला की मधल्या उरलेल्या फटीतून पाणी अधिकाधिक वेगाने धावू लागते आणि टाकलेले दगड वाहून नेते, त्यामुळे शेवटचा भाग बुजवणे हेच अशा कामातील सर्वांत अवघड पर्व असते. त्यातच १९४९ नंतर शियामेनसमोरची किनमेन बेटे तैपेईच्या सरकारच्या ताब्यात राहिली होती आणि तैवान सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूंना युद्धस्थिती कायम होती, म्हणून बंधाऱ्याचे काम हवाई हल्ल्यांच्या सावटाखाली पार पडले. १९५७ मध्ये च्यांगशी प्रांतातील यिंगतानहून निघणारा लोहमार्ग याच बंधाऱ्यावरून थेट बेटावर आला आणि शियामेन पहिल्यांदाच देशाच्या अंतर्भागाशी रेल्वेने जोडले गेले.

या यशाची किंमतही होती, आणि ती सांगितल्याशिवाय बंधाऱ्याचे वर्णन पुरे होत नाही. भरतीचे पाणी बेटाभोवती पूर्वी मोकळेपणाने फिरत असे. भरीव दगडी भिंतीने त्याची वाट अडवल्यावर दोन्ही अंगांना गाळ साचू लागला आणि खाडीच्या पाण्याची प्रत खालावली. पुढे बंधाऱ्याचा काही भाग उघडून तेथे पाण्याला वाट करून देण्यात आली. किनारी शहरांत खाडी बुजवून रस्ता काढणे नेहमीच स्वस्त आणि सोपे दिसते, परंतु त्या पर्यायाचा खरा खर्च अनेक दशकांनंतर हाती येतो, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

युद्धआघाडीवरचे शहर म्हणून शियामेनमध्ये पुढील दोन दशके मोठी गुंतवणूक झाली नाही. १९८० मध्ये चीनने जे पहिले चार विशेष आर्थिक विभाग घोषित केले, म्हणजे परदेशी भांडवलाला करसवलती आणि वेगळे नियम लागू असलेले प्रदेश, त्यांत शियामेन होते. आरंभी हा विभाग हूलीमधील अवघ्या २.५ चौरस किलोमीटरचा होता आणि १९८४ मध्ये तो संपूर्ण बेटाला लागू झाला. कारखाने आले, कामगार आले आणि एकटा बंधारा अपुरा पडू लागला. १९९१ मध्ये त्याला समांतर शियामेन पूल झाला, १९९९ च्या अखेरीस पश्चिमेकडे ६४८ मीटरचा मुख्य गाळा असलेला हायत्सांग झुलता पूल झाला आणि २००८ मध्ये उत्तरेकडे जिमेई आणि शिंगलिन हे आणखी दोन पूल वाहतुकीस खुले झाले. मोटारींसाठी प्रत्येक नवा पूल काही काळ दिलासा देई आणि मग तोही भरून जाई, कारण पूल झाला की त्याच्या पलीकडच्या टोकाशी घरांचे नवे मनोरे उभे राहत आणि त्यांतील रहिवासी पुन्हा त्याच पुलावरून बेटावर कामाला येत.

मोटारींऐवजी माणसे वाहून नेण्याचा विचार शियामेनने गांभीर्याने केला तो ३१ ऑगस्ट २००८ रोजी सुरू झालेल्या जलद बससेवेच्या रूपाने. जलद बससेवा किंवा बीआरटी म्हणजे रेल्वेप्रमाणे स्वतंत्र मार्गिका, ठरावीक स्थानके आणि बसमध्ये चढण्यापूर्वीच होणारी भाडेवसुली असलेली बसव्यवस्था; पुण्यात २००६ साली कात्रज, स्वारगेट आणि हडपसर यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर हा प्रयोग सुरू झाल्यापासून ही संज्ञा मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. बहुतेक शहरांत ही मार्गिका रस्त्याच्या मध्यभागी रंगाने किंवा कठड्याने वेगळी केलेली असते, म्हणून प्रत्येक चौकात बसला सिग्नलपाशी थांबावे लागते आणि दुचाकी व मोटारींचे अतिक्रमण रोखण्यासाठी सतत पहारा ठेवावा लागतो. शियामेनने बेटावरील मार्ग जवळजवळ पूर्णपणे उन्नत, म्हणजे खांबांवरील पुलावरून नेला, आणि चीनमध्ये असे करणारे ते पहिले शहर ठरले. या मार्गावर बसखेरीज दुसरे वाहन येत नाही, चौक लागत नाही, सिग्नल लागत नाही. प्रवासी जिन्याने किंवा सरकत्या जिन्याने वर जातो, स्थानकाच्या दारातील यंत्राला कार्ड किंवा मोबाइलवरील सांकेतिक चौकट दाखवतो आणि फलाटावर येताच थोड्या वेळात त्याला बस मिळते. मुख्य मार्ग जुन्या शहरातील पहिल्या धक्क्यापासून निघून बेट ओलांडतो, जिमेई पुलावर बससाठी राखलेल्या मार्गिकांवरून समुद्रापार जातो आणि मुख्य भूमीवरील शियामेन उत्तर या रेल्वेस्थानकापर्यंत पोहोचतो.

बससाठी इतका खर्चिक पूल का बांधला, या प्रश्नाचे उत्तर त्या काळच्या चिनी नियमांत सापडते. केंद्र सरकारने २००३ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार मेट्रोची परवानगी मागणाऱ्या शहराची नागरी लोकसंख्या ३० लाखांहून अधिक, स्थानिक सकल उत्पन्न १०० अब्ज युआनहून अधिक आणि शासकीय महसूल १० अब्ज युआनहून अधिक असणे आवश्यक होते, शिवाय प्रस्तावित मार्गावर गर्दीच्या एका तासात एका दिशेने ३० हजार प्रवासी अपेक्षित असावे लागत. शियामेन तेव्हा या मापात बसत नव्हते, पण वाट पाहत राहणेही शक्य नव्हते. म्हणून पुढेमागे त्यावर रूळ टाकून हलकी रेल्वे चालवता येईल अशा बेताने उन्नत मार्ग बांधण्यात आला आणि तूर्त त्यावरून बस सोडण्यात आल्या. हा निर्णय दूरदृष्टीचा होता असेच म्हणावे लागते. रेल्वे आली नाही तरी मार्गावरचा हक्क मिळाला, आणि शहरी वाहतुकीत वाहनाच्या प्रकाराहून मार्गावरचा हा निर्वेध हक्कच अधिक मोलाचा असतो. साधी बससुद्धा अडथळ्याविना धावू शकली तर ती प्रवाशाला रेल्वेइतकीच भरवशाची वाटू लागते.

या रचनेची मर्यादा मात्र तिच्याच गुणातून येते. प्रत्येक दिशेला जवळजवळ एकच मार्गिका असल्यामुळे एक बस बंद पडली तर मागच्या सर्व बस अडकतात, आणि दोन स्थानकांच्या मध्ये, जमिनीपासून कित्येक मीटर उंचीवर, प्रवाशांना उतरून जायला जागा नसते. ७ जून २०१३ च्या संध्याकाळी जिनशान स्थानकाजवळ एका माणसाने खचाखच भरलेल्या बसमध्ये पेट्रोल पेटवून दिले. त्या आगीत स्वतः आग लावणाऱ्यासह ४७ जणांचा मृत्यू झाला. तो दिवस देशव्यापी महाविद्यालय प्रवेश परीक्षेचा होता आणि मृतांमध्ये परीक्षा देऊन घरी परतणारी मुले होती. या घटनेनंतर विमानतळावर असावी तशी सामानाची तपासणी बसस्थानकांवर सुरू झाली, ज्वलनशील द्रव्य घेऊन चढण्यावर कडक बंदी आली आणि बसमधील आपत्कालीन दारे, काचा फोडण्याची साधने, अग्निशामक यंत्रणा यांकडे देशभर नव्याने पाहिले गेले. सार्वजनिक वाहतुकीत वेग आणि वक्तशीरपणा यांचे कौतुक होते, पण अडचणीच्या क्षणी माणूस बाहेर कसा पडेल याचा आराखडा पहिल्या दिवसापासून तयार असणे हे त्याहून अधिक गरजेचे असते, आणि या बळींचा विचार केल्याशिवाय शियामेनच्या बससेवेची स्तुती करता येत नाही.

याच उन्नत मार्गाखालची मोकळी जागा पुढे आणखी एका कामी आली. जानेवारी २०१७ मध्ये बेटाच्या पूर्व भागात होंगवेन ते श्यानहौ असा सुमारे ७.६ किलोमीटर लांबीचा उन्नत सायकलमार्ग सुरू झाला, ज्याचा आराखडा कोपनहेगनमधील प्रसिद्ध सायकलपूल रेखाटणाऱ्या डिसिंग आणि वाइटलिंग या डॅनिश वास्तुकारसंस्थेने केला होता. बसमार्गाच्या पुलाखाली, रस्त्याच्या वर, हिरव्या रंगाची ही पट्टी धावते. डोक्यावरचा पूल ऊन आणि पाऊस अडवतो, बसस्थानकांशी तिची जोडणी आहे आणि विजेवर चालणाऱ्या दुचाकींना तिच्यावर प्रवेश नाही. एकट्या सायकलमार्गाने कोणत्याही शहराची गर्दी हटत नाही हे खरे असले तरी घरापासून स्थानकापर्यंतचा आणि स्थानकापासून कचेरीपर्यंतचा जो तुटक टप्पा लोकांना मोटार काढायला भाग पाडतो, तो जोडण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता. त्यासाठी नवी जमीनही फारशी लागली नाही.

समुद्र खालून ओलांडण्याचा टप्पा २०१० मध्ये आला. बेटाच्या पूर्व किनाऱ्याहून शियांगआनला जाणारा, सुमारे ६ किलोमीटर लांबीचा रस्त्याचा बोगदा त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये खुला झाला आणि चीनच्या मुख्य भूमीवरील तो पहिला समुद्राखालचा रस्ता ठरला. येथे पूल न बांधता बोगदा खणण्यामागे वादळांचा विचार होता, कारण तायफून, म्हणजे प्रशांत महासागराच्या पश्चिम भागातील चक्रीवादळ, जवळ आले की उंच पुलांवरील वाहतूक बंद ठेवावी लागते आणि बोगदा मात्र चालू राहू शकतो. सप्टेंबर २०१६ मध्ये मेरांती हे तायफून थेट शियांगआनच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा शहरातील वीज आणि पाणी तुटले, असंख्य झाडे उन्मळून रस्त्यांवर आडवी पडली आणि बस, जहाजे, विमाने सगळीच थांबली; त्या अनुभवाने भूमिगत मार्गांची गरज सामान्य नागरिकालाही पटली.

मेट्रोला मंजुरी मिळाली २०१२ मध्ये, आणि तिचे पहिले तीन मार्ग समुद्र ओलांडण्याच्या तीन वेगळ्या पद्धती दाखवतात. ३१ डिसेंबर २०१७ रोजी सुरू झालेला पहिला मार्ग बेटावर भुयारातून धावतो, पण गाओचीपाशी जमिनीवर येतो आणि जुन्या बंधाऱ्याच्या अंगाने, उघड्यावर, समुद्रसपाटीपासून थोड्याच उंचीवरून जिमेईकडे जातो. दोन्ही खिडक्यांतून पाणी दिसणारा हा टप्पा पाहण्यासाठी पर्यटक मुद्दाम या गाडीत बसतात, पण रोजच्या प्रवाशाला त्याचे महत्त्व वेगळे आहे, कारण पूर्वी वाहनांच्या रांगेत जाणारा वेळ आता त्याच्या हाती उरतो. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेला दुसरा मार्ग बेटाच्या पश्चिम बाजूस हायत्सांगकडे समुद्राच्या तळाखालून जातो. चीनमध्ये भुयारयंत्राने समुद्राखाली खणलेला हा मेट्रोचा पहिला बोगदा. येथे वापरलेल्या यंत्राच्या कापणाऱ्या चकतीमागे एक बंद कप्पा असतो, त्यात चिकणमातीचा पातळ गाळ दाबाखाली भरलेला असतो, तो गाळ समोरच्या मातीचा आणि वरच्या पाण्याचा दाब तोलून धरतो आणि खणलेला मुरूम त्याच गाळाबरोबर नळ्यांतून बाहेर काढला जातो, तर यंत्राच्या पाठोपाठ काँक्रीटच्या वक्र तुकड्यांची कडी बसवत बोगद्याचे अस्तर पुरे होत जाते. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२१ पासून मलबार टेकडीखाली चालवलेले ‘मावळा’ हे १२.१९ मीटर व्यासाचे चिनी बनावटीचे यंत्र याच प्रकारातले होते.

शियामेनच्या भूगर्भात या यंत्रांना एक वेगळीच अडचण येते. ग्रॅनाइट खडक हवापाण्याने झिजताना सर्वत्र सारखा झिजत नाही; बहुतांश भाग मऊ मातीसारखा होतो आणि मध्येच अतिशय कठीण, गोलसर धोंडे शिल्लक राहतात. मातीसाठी धार केलेली पाती अशा धोंड्यावर आदळली की तुटतात, आणि समुद्राच्या तळाखाली ती बदलण्यासाठी कामगारांना दाबाखालच्या कप्प्यात शिरावे लागते, म्हणजे पाणबुड्याला सोसावा लागतो तसा ताण शरीरावर घेऊन काम करावे लागते. २०२१ च्या जूनमध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या मार्गावर, बेट आणि शियांगआन यांच्यामधील समुद्राखालील भागात, म्हणूनच काही अंतर यंत्राने आणि काही अंतर सुरुंग लावून खणण्याची मिश्र पद्धत स्वीकारण्यात आली. प्रवासी हे अंतर काही मिनिटांत पार करतो, परंतु त्यामागे भूवैज्ञानिक, अभियंते आणि परप्रांतातून आलेले हजारो कामगार यांचे अनेक वर्षांचे कष्ट आहेत, ज्यांची नावे कोणत्याही स्थानकावर लिहिलेली नाहीत.

पूल आणि बोगदे इतके झाले तरी बोट संपलेली नाही. बेटाच्या नैर्ऋत्येला, अर्ध्या-पाऊण किलोमीटरच्या पाण्यापलीकडे, गुलांगयू हे १.८८ चौरस किलोमीटरचे छोटे बेट आहे, जेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत परदेशी वकिलाती आणि परदेशातून परतलेल्या चिनी व्यापाऱ्यांच्या हवेल्या उभ्या राहिल्या आणि ज्याला २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. गुलांगयूवर मोटारींना बंदी आहे, सायकलसुद्धा चालत नाही, आणि दुकानांचा माल अजूनही माणसे हातगाड्यांनी ओढून नेतात. येथील रहिवाशांसाठी बोट हाच रस्ता असल्यामुळे पर्यटकांची गर्दी वाढली तेव्हा शाळकरी मुले आणि नोकरदार धक्क्यावरच अडकू लागले. ऑक्टोबर २०१४ पासून दिवसा पर्यटकांच्या बोटी दूरच्या तुंगतू धक्क्यावरून सोडून जुना, जवळचा धक्का स्थानिकांसाठी राखण्यात आला, आणि पुढे दिवसाला ५० हजार लोकांची मर्यादा घालण्यात आली. पर्यटन हे मोठे उत्पन्नाचे साधन असतानाही रहिवाशाच्या रोजच्या प्रवासाला अग्रक्रम देणारा हा निर्णय शियामेनच्या सर्व अवाढव्य पुलांपेक्षा कमी महत्त्वाचा नाही. पूर्वेकडील वुतुंग धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटी अर्ध्या तासात किनमेनला पोहोचतात. एके काळी तोफांच्या माऱ्यात असलेले हे पाणी २००१ मध्ये प्रवाशांसाठी खुले झाले, २०२० च्या साथीत बंद झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा खुले झाले.

आजही सर्वांत मोठी अडचण गर्दीच्या एकतर्फीपणाची आहे. सकाळी बेटाकडे येणाऱ्या बस आणि गाड्या भरभरून येतात आणि परतीला रिकाम्या जातात, संध्याकाळी याच्या उलट घडते. म्हणजे मार्ग, गाड्या आणि चालक यांवरचा बराचसा खर्च रिकाम्या जागा वाहण्यात जातो, आणि हा तोटा पाचवा किंवा सहावा पूल बांधून भरून निघत नाही. तो भरून निघतो कामाची ठिकाणे पाण्यापलीकडे नेल्याने. २००२ पासून शहराच्या धोरणात बेटाबाहेरील विकासावर भर दिला गेला, जिमेईत सॉफ्टवेअर उद्योगाच्या वसाहतीचा तिसरा टप्पा उभा राहिला, शियामेन विद्यापीठाने शियांगआनमध्ये मोठा परिसर वसवला आणि वेगवान रेल्वेचे मुख्य स्थानक बेटाबाहेर, जिमेईत बांधले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली, ताशी ३५० किलोमीटर वेगाची फुचौ–शियामेन रेल्वे याच स्थानकात येते. १९८३ पासून बेटावरच असलेल्या गाओची विमानतळाची जागा घेण्यासाठी शियांगआन जिल्ह्यातील तातंग बेटालगत भराव घालून नव्या विमानतळाची उभारणी हाती घेण्यात आली असून मेट्रोचा तिसरा मार्ग तेथपर्यंत वाढवण्यात येत आहे. ते विमानतळ कार्यान्वित झाल्यावर विमान पकडण्यासाठी समुद्र ओलांडण्याची पाळी बेटावरील रहिवाशांवर येणार आहे.